निकाल विधानसभेत फिरवता येतो, पण कधी?

कोर्टाचा निकाल लोकांना रुचला नाही की दुसऱ्या दिवशी पुढारी माइकसमोर उभे: 'अध्यादेश काढू, कायदा आणू.' कायदा आणता येतोच. तो टिकेल की नाही, हे मात्र लोकांचा राग केवढा आहे यावर ठरत नाही; मूळ निकाल कोणत्या खुंटीला टांगलाय यावर ठरतं. महाराष्ट्रात याची दोन चोख उदाहरणं आहेत, बैलगाडा आणि डान्स बार.

आधी नियम. १९६९ मध्ये पृथ्वी कॉटन मिल्स विरुद्ध भडोच नगरपालिका या कराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो घालून दिला. 'हा निकाल बंधनकारक नाही' एवढंच म्हणणारा कायदा चालत नाही. निकाल ज्या पायावर उभा आहे तो पायाच बदलावा लागतो, इतका की बदललेल्या स्थितीत कोर्टाने तसा निकाल दिलाच नसता.

७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या जल्लिकट्टूसोबत (बैलाला काबूत आणण्याचा खेळ) आपल्या बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. मुख्य आधार होता १९६० चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि प्रदर्शनासाठी वापरू नयेत अशा प्राण्यांत बैलाचा समावेश करणारी केंद्राची २०११ ची अधिसूचना. खेड, आंबेगाव, जुन्नरचे शर्यतींचे घाट ओस पडले, विदर्भातले शंकरपट थांबले. केंद्राने आडवाट धरली: ७ जानेवारी २०१६ ला नवी अधिसूचना काढून सूट दिली. पाचच दिवसांत स्थगिती आली. मूळ कायदा जसाच्या तसा ठेवून नुसत्या अधिसूचनेने निकाल ओलांडता येत नाही, हे केंद्राच्या विधी खात्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. तमिळनाडूत निवडणूक तोंडावर होती, एवढंच.

२०१७ मध्ये जल्लिकट्टूसाठी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर गर्दी उसळली आणि तमिळनाडूने कायद्यातच दुरुस्ती केली. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी केली. विषय समवर्ती सूचीतला (नोंद १७), म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो असा, त्यामुळे राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याला छेद देत असेल तर अनुच्छेद २५४(२) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते. अध्यादेशालाही ही पायरी चुकत नाही: अनुच्छेद २१३ नुसार अशा बाबतीत राज्यपालांना राष्ट्रपतींच्या सूचनेशिवाय अध्यादेश काढता येत नाही. 'उद्याच काढतो' म्हणणारे हे सोयीस्कर विसरतात. महाराष्ट्राने संमती घेतली आणि नियम केले: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, जास्तीत जास्त १००० मीटर अंतर, काठी-चाबूक बंद. तरी उच्च न्यायालयात गाडं अडलं. शर्यती सुरू झाल्या त्या सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ ला अंतरिम मुभा दिल्यावर, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींनी दुरुस्ती वैध ठरवली. प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याचा दाखला आपल्या न्यायशास्त्रात नाही, असं पीठाने म्हटलं. म्हणजे अडसर होता तो साध्या कायद्याचा, आणि साध्या कायद्याने तो निघाला.

डान्स बारचं तसं नव्हतं. २००५ ची बंदी उच्च न्यायालयाने २००६ मध्ये रद्द केली, १६ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. इथे आधार थेट राज्यघटना: समानतेचा अनुच्छेद १४ आणि व्यवसाय स्वातंत्र्याचा १९(१)(छ). तारांकित हॉटेलांना सूट आणि बाकीच्यांना बंदी, हा भेदभाव कोर्टाला खटकला होता. जून २०१४ मध्ये विधानसभेने चर्चेविनाच दुरुस्ती मंजूर केली, सूट काढून सगळ्यांनाच बंदी. युक्ती हुशार होती, पण तिने अर्धाच आक्षेप मिटला. व्यवसायाचा हक्क उरलाच होता, आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये स्थगिती आली.

मग २०१६ चा कायदा आला, या वेळी बंदी नाही, अटी. शाळा-देवळांपासून एक किलोमीटर, बार आणि नाचाची जागा यांच्यात भिंत, सीसीटीव्ही. मुंबईत एक किलोमीटरच्या परिघात शाळा किंवा देऊळ नाही अशी जागा शोधून दाखवा! १७ जानेवारी २०१९ ला या अटी कोर्टाने उडवल्या; संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकराची वेळ आणि नोटा उधळण्यावरची बंदी ठेवली. २००५ पासून तोवर सरकारने एकही परवाना दिलेला नव्हता, याची नोंदही त्या निकालात आहे.