जहाजाची वेळ की बेटाची?

क्रूझचं बुकिंग करतानाच मी नवऱ्याला अट घातली होती: मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर जहाज थांबेल तो दिवस माझा. तो म्हणाला, "अगं, तू खुशाल पाण्याखाली जा, मी बुफेत जातो." विषय तिथेच मिटला. घोळ पुढे सुरू झाला.

आम्ही ह्यूस्टनला राहतो. जहाज गॅल्व्हस्टनहून सुटणार, जानेवारीत. माझं ओपन वॉटर कार्ड, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचं सुरुवातीचं प्रमाणपत्र, तारकर्लीचं, एमटीडीसीच्या केंद्रातलं. त्यानंतर मोजून नऊ डाइव्ह, शेवटची तीन वर्षांपूर्वीची. कार्ड आहे पण हाताला सवय राहिलेली नाही, अशी गत. आणि मला हवं होतं पॅलांकार, बेटाच्या नैर्ऋत्येचं ते नावाजलेलं रीफ, म्हणजे प्रवाळाची रांग.

सोपा मार्ग जहाजाच्याच सहलीचा. त्या सहलीतून परतायला उशीर झाला तर जहाज थांबतं. बाहेरचं बुकिंग असेल तर कोणी थांबत नाही. ही काही छोटी गोष्ट नव्हे. पण पत्रकात नुसतं 'मोठी बोट, सुंदर प्रवाळ' एवढंच. एका डाइव्हमास्टरमागे (पाण्याखालच्या वाटाड्यामागे) किती माणसं, कोणतं रीफ, ताकास तूर नाही. फोन केला तर पलीकडच्या बाईंना स्कूबा (टाकी घेऊन खोल जाणं) आणि स्नॉर्कल (नळी तोंडात धरून वरवर पोहणं) यांतला फरक मलाच समजावावा लागला. वर दर बाहेरच्यापेक्षा जवळपास दीडपट.

मग बेटावरच्या चार डाइव्हवाल्यांना मेल टाकली. चौघांना तेच प्रश्न: बोटीवर किती जण, पहिली डाइव्ह किती खोल, जहाज आलंच नाही तर पैशांचं काय. शेवटचा प्रश्न हिवाळ्यात विचारावाच लागतो. उत्तरेकडचा वारा सुटला, तिकडे त्याला 'नोर्ते' म्हणतात, की बंदर छोट्या बोटींना बंद होतं, आणि कधीकधी क्रूझही न थांबता पुढे जाते. आणखी एक प्रश्न मी मुद्दाम, जरा आगाऊपणे घातला होता: हातमोजे आणू का? कोझुमेलचं रीफ १९९६ पासून राष्ट्रीय सागरी उद्यान आहे, तिथे डाइव्हरला हातमोजे चालत नाहीत. हातमोजे घातले की माणूस प्रवाळाला बिनधास्त धरतो.

एकाने उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याचं उत्तर दहा मिनिटांत: सगळं चालेल, हातमोजेही चालतील, पूर्ण रक्कम आगाऊ, परत मिळणार नाही. त्याच्यावर काट मारली. तिसरा नेमका होता, सहाच जण, सगळं व्यवस्थित. फक्त 'साडेआठला बोट सुटते' हे वाक्य मला खटकलं नाही, खटकायला हवं होतं. आमचं जहाज आठला लागणार, धावतपळत गाठू, असा माझा हिशोब.

चौथ्याने माझ्या प्रश्नांना उत्तरं देण्याआधी स्वतःचेच प्रश्न पाठवले. जहाजाचं नाव काय? कोणत्या धक्क्याला लागणार? शेवटची डाइव्ह कधी? कुठल्या गोळ्या चालू आहेत? आणि 'आठ' म्हणजे जहाजाचे आठ की बेटाचे?

इथे माझी ट्यूब पेटली. कोझुमेल ज्या राज्यात आहे ते किंताना रू २०१५ पासून बारा महिने ईस्टर्न वेळ (अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची) पाळतं. गॅल्व्हस्टन सेंट्रल वेळेवर. हिवाळ्यात दोघांत एक तासाचा फरक, आणि आमचा कप्तान घड्याळं बदलणार नव्हता. म्हणजे आमचे आठ वाजतील तेव्हा बेटावर नऊ, आणि तिसऱ्याची बोट अर्धा तास आधीच गेलेली. चौथ्याने लिहिलं, तुमच्यासाठी बेटाचे सव्वादहा ठेवतो, जहाजाच्या पावणेदोनच्या सुमारास परत सोडतो. आम्हाला साडेचारपर्यंत चढायचं होतं.

त्याने नकारही दिला. तीन वर्षांचा खंड आहे, तेव्हा आधी बोटीशेजारी मास्कमधलं पाणी काढून दाखवायचं, रेग्युलेटर, म्हणजे तोंडातलं श्वासाचं यंत्र, सोडून पुन्हा धरायचा, मगच खाली. अठरा मीटरच्या पुढे नाही. रक्तदाबाची गोळी घेते म्हटल्यावर वैद्यकीय फॉर्मवर डॉक्टरची सही घरूनच आणा, इथे आल्यावर मागून उपयोग नाही, असं बजावलं. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना त्या फॉर्मवर रक्तदाबाचं वेगळं विचारतात, हे मी विसरलेच होते. सहीसाठी दोन आठवडे गेले. आगाऊ रक्कम थोडीशी, जहाज न थांबल्यास परत.

त्या दिवशी वारा पडलेला होता. टॅक्सीने ला कालेता मरीनावर गेले. बोटीवर आम्ही पाच जण. डाइव्हमास्टरने माझ्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडला आणि मला हवेच्या दाबाच्या मीटरकडे बघत चार श्वास घ्यायला लावले. काटा तीन हजार पीएसआयवर, हलला नाही, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. मग त्याने खाली जायला कमरेला बांधतात त्या पट्ट्यातलं माझं एक वजन काढून ठेवलं. मी तारकर्लीच्या आठवणीने मागितलं होतं. तो म्हणाला, खाली कळेल. कळलं.

पॅलांकारला पोहायचं नसतंच. प्रवाह नेईल तिकडे जायचं, बोट वरून मागे येते. मी पहिली पाच मिनिटं उगाच पाय मारले आणि हवा उडवली. त्याने तळहात खाली दाबून 'शांत' अशी खूण केली. मग प्रवाळाच्या कमानी स्वतःहूनच सरकू लागल्या.

वर तासभर विश्रांती, संत्र्याच्या फोडी. दुसरी डाइव्ह बारा मीटरवर. एका कपारीपाशी तो थांबला, टॉर्च आत धरला. आत कोझुमेलची खास ओळख असलेला स्प्लेंडिड टोडफिश: पट्ट्यापट्ट्यांचं डोकं, हनुवटीला झालर, पिवळ्या किनारीचे पर, आणि चेहरा भाडेकरूवर वैतागलेल्या घरमालकाचा.

परत आले तेव्हा नवरा केबिनमध्ये तोंड पाडून बसलेला. उशिरा उठला, आत्ताच मोबाईलमध्ये पावणेतीन वाजलेले पाहिले, आणि बुफे अडीचला बंद होतो म्हणून गेलाच नव्हता.

"अरे, तुझा मोबाईल बेटाची वेळ दाखवतोय. जहाजात आत्ता पावणेदोन वाजलेत."

तो चपला न घालताच निघाला.