डोक्यावर शिवलेला फेटा

कार्निव्हलच्या रविवारी दुपारी ब्राझीलमधल्या साल्व्हादोर शहराच्या पेलोरिन्यो भागात एका दगडी पायरीवर मी मान ताठ धरून बसलो होतो आणि एक प्रौढ बाई माझ्या डोक्याभोवती पांढरा टॉवेल गुंडाळून त्याला सुईदोऱ्याने टाके घालत होत्या. आपल्याकडे फेटा बांधतात; इथे तो डोक्यावरच शिवतात. समोर निळा खडा बसवून झाल्यावर त्यांनी दोरा दातांनी तोडला, माझे डोके दोन्ही हातांनी हलवून पाहिले आणि पुढच्या माणसाला बोलावले.

साओ पावलोत नोकरीनिमित्त राहत असताना रिओ सोडून बाइया राज्याची ही राजधानी निवडली, ती एका नावासाठी. ‘फिल्युस दे गांधी’, म्हणजे गांधींचे पुत्र! इथल्या गोदी कामगारांनी १९४९ साली, गांधीजींच्या हत्येला जेमतेम वर्ष झाले असताना, हे पथक उभे केले. हाती पैसा नव्हता, म्हणून त्यांनी चादरी अंगाला गुंडाळल्या आणि टॉवेलचे फेटे केले. आज हजारो पुरुष त्याच थाटात चालतात. ज्या गांधीजींनी १९२१ मध्ये मदुराईत पंचा स्वीकारला, त्यांच्या नावाने फेटा मिरवणे मला आधी विचित्र वाटले. पण चादर आणि टॉवेल हीच ज्यांची ऐपत होती, त्यांच्याशी या बाबतीत वाद कसला घालायचा?

हे पथक ‘आफोशे’ प्रकारातले आहे, म्हणजे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी जपलेल्या कांदोंब्ले धर्माची गाणी आणि ताल रस्त्यावर आणणारे. आमच्या गळ्यातल्या माळांमधला पांढरा रंग ओशाला या देवतेचा, तर निळा ओगुनचा. निघण्यापूर्वी वाटा मोकळ्या करणाऱ्या एशूला नैवेद्य देतात. गणेशपूजनाशिवाय कार्याला हात न घालणाऱ्या माणसाला यातले काही समजावून सांगावे लागत नाही.

पुढचे पाच-सहा तास मात्र पायांची परीक्षा होती. या शहरात १९५० साली दोदो आणि ओस्मार या दोघांनी एका जुन्या फोर्ड गाडीवर ध्वनिवर्धक चढवून वाजवत फिरण्याचा प्रयोग केला, त्यातूनच ‘त्रियो एलेत्रिको’ नावाचे आजचे अवाढव्य ट्रक आले. मोठ्या पथकांभोवती मजूर दोर धरून चालतात, अगदी आपल्या विसर्जन मिरवणुकीतल्या कार्यकर्त्यांसारखे. फरक इतकाच की इथे दोराच्या आत नाचण्यासाठी पैसे मोजावे लागतात. दोराबाहेर फुकट नाचणाऱ्यांना ‘पिपोका’, म्हणजे मक्याच्या लाह्या, म्हणतात, आणि त्यांना उड्या मारताना पाहिल्यावर हे नाव पटते. आमचा इजेशा ताल त्या गोंगाटापुढे संथ होता: अगोगो या जोडघंटेचा टणत्कार, त्यामागे हातांनी वाजवलेले ढोल आणि एका लयीत झुलणारे पांढरे खांदे. वाटेत चपलेचा पट्टा तुटला, तेव्हा उरलेले अंतर मी पायमोज्यांवर चाललो. शेजारच्या वृद्ध गृहस्थांना मी भारतातला आहे हे कळल्यावर त्यांनी मला मिठी मारली, माझ्या अंगावर लव्हेंडरचे अत्तर शिंपडले आणि पुढे ओळीत ढकलले.

बायकांना या पथकात प्रवेश नाही, आणि हा नियम मला मुळीच पटलेला नाही. पत्नीला पदपथावरून पाहावे लागले. त्यात आणखी एक रिवाज असा की गळ्यातली माळ प्रेक्षकांतल्या स्त्रीला द्यायची आणि बदल्यात एक मुका मिळवायचा. मी वृद्ध आजीबाई, लहान मुले आणि एक हवालदार यांनाच माळा वाटल्या.

रात्री खोलीवर परतल्यावर फेट्याचे टाके कात्रीने कापावे लागले. ते काम पत्नीने केले. कापता कापता तिने शांतपणे विचारले, “सकाळी बारा माळा होत्या. मी मोजल्या होत्या. आता तीनच कशा?”