रॉयल ओकचे फुटलेले तराफे

काल साताऱ्यात दिवसभर पावसाची झड, लाईट गेलेली, मग आबांनी परत रॉयल ओकचा विषय काढला. आबा नेव्हीतले, अजूनही गेटचा गंज पॉलिश पेपरने घासत बसतात. १९१४ ला पाण्यात उतरलेली ही ब्रिटिश बॅटलशिप १९३९ पर्यंत एवढी थकलेली की २० नॉटचा (ताशी साधारण ३७ किलोमीटर) स्पीडपण निघेना, तरी ऑक्टोबरमध्ये तिला नॉर्थ सीच्या वादळात जर्मन जहाजं शोधायला धाडलं, लाटांनी जीव वाचवायचे तराफे फुटले, काही छोट्या तोफा पाणी शिरून बंद पडल्या आणि ती तशीच स्कॉटलंडच्या स्कॅपा फ्लोला परतली. तिथंच १३-१४ तारखेच्या रात्री जर्मन यू-४७ पाणबुडीनं टॉर्पेडो मारले. ८३५ जण गेले, त्यात १०० च्या वर कोवळी पोरं होती. ते तराफे धड असते तर किती वाचली असती, हेच रात्रभर डोक्यात.