पोटगीचा हुकूम हातात, पैसे डोंबिवलीत

पोटगीची केस कशी लावायची हे सांगणारे पैशाला पासरी भेटतात. हुकूम झाल्यावरही नवऱ्याने पैसे दिले नाहीत तर पुढे काय, हे नीट सांगणारं मला कोणी भेटलं नाही. ज्या बायका आत्ता तिथे अडकल्यात त्यांच्यासाठी लिहितेय.

आधीचं थोडक्यात. मी आणि मुलगी विक्रोळीला माझ्या आईकडे, तो डोंबिवलीला. २०२१ मध्ये बीकेसीतल्या कुटुंब न्यायालयात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली अर्ज केला. बायको जिथे राहते तिथल्या कोर्टात हा अर्ज चालतो, नवऱ्याच्या गावी जावं लागत नाही. (१ जुलै २०२४ पासून हेच कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालंय, पण कॉरिडॉरमध्ये अजून सगळे ‘एकशेपंचवीस’च म्हणतात.) कोर्ट फी लागली नाही. महाराष्ट्रात पोटगी आणि घटस्फोटाच्या कामात बायकांना ती १९९४ पासून माफ आहे. वकीलबाई विधी सेवा प्राधिकरणातून मिळाल्या, त्याही फुकट. बाईचं उत्पन्न कितीही असलं तरी तिला हा हक्क आहे, त्यामुळे ‘तुम्ही तर नोकरी करता’ असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. १५१०० वर फोन करा. समुपदेशकांसमोर बसणं झालं, दोघांची मालमत्ता आणि देण्यांची प्रतिज्ञापत्रं झाली, अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतची, पोटगी ठरली. माझी वेगळी, मुलीची वेगळी, आणि अर्जाच्या तारखेपासून. इथवर माझी फारशी तक्रार नाही.

पहिल्या महिन्याचे पैसे आले. मग बंद. मग अधूनमधून गूगल पेवर दोन हजार, खाली ‘मुलीच्या खाऊला’. हा खाऊ नंतर कोर्टात ‘मी तर नियमित देतोय’ म्हणून दाखवला जातो. म्हणून पोटगीसाठी वेगळं बचत खातं उघडा आणि त्याच खात्याचा नंबर कोर्टात द्या. त्यात दुसरा एक रुपया येऊ देऊ नका. मग पासबुकच बोलतं.

वसुलीचा अर्ज टाकला. सोबत थकबाकीचा तक्ता: महिना, देय रक्कम, आलेली रक्कम, बाकी. न्यायाधीशांनी वॉरंट काढायला सांगितलं. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टात त्या दिवशी काय झालं त्या कागदावर, तशी नोंद बघून मी आईला फोनवर सांगितलं, झालं काम.

कसलं काम आणि कसलं काय! वॉरंट कोर्टातून निघतं आणि नवऱ्याच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात जातं. माझ्या बाबतीत जिल्हाच वेगळा, म्हणजे टपालाने. पुढच्या तारखेला पुकारा झाला, आम्ही उभ्या राहिलो, क्लार्क म्हणाला, रिपोर्ट आलेला नाही. पुढची तारीख. ऑफिसात हाफ डे टाकून डोंबिवली गाठली. पोलीस ठाण्यात सांगितलं, मॅडम, असं वॉरंट आमच्याकडे आलेलंच नाही. परत वांद्रे: आम्ही तर पाठवलं. परत डोंबिवली: आलंच नाही. दोन्हीकडे माणसं गोड बोलायची, त्याचाच जास्त राग यायचा. भांडायलाही काही हाताला लागत नव्हतं.

इथे कामी आलेली गोष्ट म्हणजे जावक क्रमांक. कोर्टातून कागद बाहेर पडतो तेव्हा जावक रजिस्टरमध्ये त्याला क्रमांक आणि तारीख पडते. ‘पाठवलं का?’ असं विचारूच नका, ‘जावक क्रमांक द्या’ म्हणा. तो चिठ्ठीवर लिहून घेतला आणि ठाण्यातल्या आवक रजिस्टरवाल्या टेबलावर ठेवला. दोन पानं उलटली आणि आलेलं नसलेलं वॉरंट सापडलं! चांगलं शिक्का मारून, वॉरंट बजावणाऱ्या हवालदारांच्या फायलीत, टाचणी लावून ठेवलेलं.

हवालदार म्हणाले, “ताई, सध्या बंदोबस्त आहे. गणपती होऊ द्या.” गणपती झाले, नवरात्र झालं. मग एकदाचा रिपोर्ट कोर्टात आला: ‘सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही. शेजारी विचारपूस केली असता कामानिमित्त बाहेरगावी गेल्याचे समजले.’ वॉरंट बिनबजावणी परत. आणि हा सदर इसम दर दुसऱ्या शनिवारी मुलीला भेटायला कुठे यायचा? त्याच कोर्टाच्या इमारतीत, मुलांच्या भेटीच्या खोलीत, वेळेवर, इस्त्रीचा शर्ट घालून. तिथे त्याची सही व्हायची. पोलिसांना मात्र तो मिळून येत नव्हता.

माझी मावशी म्हणाली, मुलीला पाठवूच नकोस, बघ कसा पैसे टाकतो. वकीलबाईंनी हात जोडले. पोटगी आणि भेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक अडवून दुसरी मागता येत नाही. भेट बंद केली असती तर पुढच्या तारखेला आरोपीसारखी मीच उभी असते. मुलीला जायचंही होतं. त्यामुळे मी शनिवार पाळले. वकीलबाईंनी फक्त त्या भेटींच्या नोंदी अर्जाला जोडल्या आणि न्यायाधीशांना इतकंच विचारलं, हा माणूस बाहेरगावी आहे म्हणजे नक्की कुठे? कोर्टात पहिल्यांदाच कोणीतरी हसलं.

दुसरं वॉरंट हमदस्त मागितलं. हमदस्त म्हणजे टपालाची वाट न बघता कागद आपणच हाताने नेऊन पोचवायचा. त्यासाठी कोर्टाची परवानगी लागते, एका ओळीचा अर्ज पुरतो, पण तो कोणी होऊन सुचवत नाही. बंद पाकीट घेऊन गेले, झेरॉक्सवर गोल शिक्का, सही, तारीख, वेळ अशी पोच घेतली. पोच दिल्याशिवाय पाकीट टेबलावर ठेवायचं नाही, हातातच धरायचं.

आता त्या पोचेची ताकद. पुढच्या तारखेला ‘रिपोर्ट नाही’ म्हटल्यावर आम्ही ती झेरॉक्स पुढे केली आणि कोर्टाने ठाण्याकडून खुलासा मागवला. मग मात्र सदर इसम पंधरवड्यात मिळून आला.

तरी पैसे आलेच नाहीत. त्याचा वकील कॉरिडॉरमध्ये ऐकू येईल असं म्हणाला, “महिनाभर आत बसेल, हिशोब मिटला.” असं ऐकून कितीतरी बायका तडजोडीला तयार होतात. हिशोब मिटत नाही. तुरुंग हा वसुलीचा मार्ग आहे, आत राहून आल्याने थकबाकी फिटत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने कुलदीप कौरच्या प्रकरणात सांगून ठेवलंय. मी तिथेच बाकावर बसून वकीलबाईंकडून ते लिहून घेतलं. शेजारी कुर्ल्याची एक मुसलमान बाई होती, तिने विचारलं, हे आम्हाला लागू आहे का? कलम १२५ मुस्लीम बायकांनाही आहेच, २०२४ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ते परत स्पष्ट केलं.

वकीलबाईंचं म्हणणं सरळ होतं. “अगं, त्याला आत टाकून तुझी गॅसची टाकी येणार आहे का? पगार पकड.” त्याने सुरुवातीला दिलेल्या प्रतिज्ञापत्रात कंपनीचं नाव आणि पत्ता होता. ती प्रतिज्ञापत्रं २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून सक्तीची आहेत, आणि पोटगीचा आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखा वसूल करता येतो हेही त्यातच आहे. तेव्हा नवऱ्याच्या प्रतिज्ञापत्राची प्रत घरी ठेवा, वकिलाच्या कपाटात नको. साध्या कर्जासाठी पगाराचा छोटा भागच जप्त होतो. पोटगीसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे फक्त एक तृतीयांश पगार सुरक्षित राहतो, उरलेल्यावर हात घालता येतो. हे त्याला माहीत नसावं.

पगार जप्तीचा कागद कंपनीच्या एचआरकडे पोचला आणि पुढच्याच तारखेला साहेब डिमांड ड्राफ्ट घेऊन हजर. ड्राफ्टच्या घड्या सुद्धा पडल्या नव्हत्या. वर्षभर पोलिसांना, सासूला, शेजाऱ्यांना न लाजणारा माणूस एचआरला लाजला. उरलेली बाकी हप्त्यांत, आणि चालू पोटगी आता पगारातूनच कापून येते. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. स्टेशनबाहेर वडापाव खाल्ला, दोन खाल्ले.

मधेच सांगायचं राहिलं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: वॉरंटने वसुली मागायची तर रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ‘देईल, दिवाळीला देईल’ म्हणत बसलात तर जुने महिने त्या मार्गाने हातचे जातात. तीन-चार महिने थकले की अर्ज टाका, पुढच्या महिन्यांचा नंतर पुन्हा टाकता येतो.

आणि केसचा सीएनआर नंबर, म्हणजे कोर्टाने केसला दिलेला ओळख क्रमांक, मोबाइलमध्ये सेव्ह करा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख रात्रीच कळते. न्यायाधीश रजेवरही असू शकतात, म्हणून वकिलाला आधी फोन करून मग हाफ डे टाका.

मुलगी यंदा अकरावीला गेली, क्लासची फी वेगळी. पोटगी वाढवून मागायचा अर्ज नव्या संहितेच्या कलम १४६ खाली टाकलाय. त्याच्या वकिलाने उत्तराला वेळ मागितला आहे. नोटीस आम्ही पहिल्याच दिवशी हमदस्त घेतली होती, पोच फायलीला लावलेली आहे.