आठ वाजताचा गट

सोमवार, १९ ऑक्टोबर २०२०

कोरोनामुळे मार्चपासून शाळा बंद आहे आणि माझा चौथीचा वर्ग मी फोनवरच घेते. यंदा गट पाडताना मी हुशारी पाहिली नाही, मैत्री पाहिली नाही. कुणाच्या घरचा फोन किती वाजता घरी येतो, एवढंच पाहिलं. सोयाबीनची काढणी चालू आहे. वडील दिवसभर शिवारात आणि फोन त्यांच्या खिशात. त्यामुळे माझी चौथी सध्या दिवेलागणीनंतर भरते. एप्रिलपासून व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर चारऐवजी आठ जण घेता यायला लागले, म्हणून एका गटात पाच मुलं आणि मी असं जमून जातं. फुकटचं झूम चाळीस मिनिटांनी बंद पडतं आणि ते सुरू कसं करायचं हे घरोघर शिकवावं लागतं. व्हॉट्सॲप सगळ्यांच्या घरात आहेच.

आजचं काम परिसर अभ्यासातलं होतं. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बहात्तरच्या दुष्काळात पाणी कुठून आणायचे ते विचारायचं आणि गटाने मिळून एक पान लिहायचं. एक जण विचारणार, एक लिहिणार, एक वेळ बघणार, एक शेवटी वाचून दाखवणार. पाचव्याचं काम मी मुद्दाम वेगळं ठेवलंय: कोण बोललेलं नाही ते बघायचं आणि त्याला बोलतं करायचं.

देखरेख करताना मी वहीत मुलांची नावं गोलाकार लिहिते आणि कोण कुणाशी बोललं त्याचे बाण काढत जाते. सुरुवातीला आज सगळे बाण माझ्याकडेच येत होते. ‘मॅडम, हा ऐकत नाही.’ ‘मॅडम, मी लिहू का?’ मी कॅमेरा बंद केला, आवाज बंद केला, पण कॉलवरच राहिले. नऊ वर्षांच्या लेकरांना एकटं सोडून निघून जाणं मला पटत नाही. ऐकू सगळं येत होतं. थोड्या वेळाने ती मला विसरली आणि एकमेकांवर ओरडायला लागली. ‘तू लई बोलायलास, मला बोलू दे की!’ मला आनंद झाला. मार्चपासून या मुलांना बरोबरीच्या कुणाशी धड भांडताही आलेलं नाही. सह्याद्री वाहिनीवर त्यांच्यासाठी तास लागायचे, चांगले असायचे, पण टीव्हीशी वाद घालता येत नाही.

वाद कशावरून? एका मुलाचं म्हणणं, दुष्काळाचं कशाला विचारायचं, आमची बनीम (काढलेल्या सोयाबीनची रास) पाण्यात आहे. गेल्या आठवड्यातल्या पावसाने काढलेल्या सोयाबीनला कोंब फुटलेत, त्याच्या घरी दुसरा विषयच नाही. वेळ बघणारी मुलगी म्हणाली, मॅडमनी दुष्काळच सांगितलाय. तिसरा म्हणाला, आपल्या लातूरला रेल्वेनं पाणी आलतं, मग ते पण लिहायचं का? ती पाण्याची रेल्वे २०१६ च्या एप्रिलमधली, मिरजेहून आलेली. तेव्हा ही मुलं जेमतेम अंगणवाडीत असतील. घरातलं ऐकून ऐकून ती त्यांचीही आठवण झाली आहे. या वादात मी पडले असते तर तो मिनिटभरात मिटला असता आणि मग पुन्हा सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले असते.

मग एकीची आज्जी फोनसमोर आली. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचो, सुकडी (कोरडा खाऊ) मिळायची, तांबडा मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) खायचो, असं ती सांगत गेली. तिच्या सांगण्यात पाण्यापेक्षा भूकच जास्त होती. मुलं एकदम विचारायला लागली तेव्हा विचारण्याचं काम असलेल्या मुलीने सगळ्यांना गप्प केलं आणि एकेक प्रश्न विचारला. शाळेत ही मुलगी उभी राहिली की पाय हलवत राहायची.

मला सगळ्यात अवघड जातं ते गप्प असलेलं मूल. वर्गात डोळ्यांवरून कळतं की ते विचार करतंय की घाबरलंय. इथे चौकट थिजते आणि काहीच कळत नाही. रेंज गेली? लाजतंय? आईने भाकरीच्या चुलीपाशी हाक मारली? म्हणून किती बोललं यावरून गटकामाला गुण देऊ नयेत, असं माझं ठाम मत झालं आहे. ते गुण मुलाला न मिळता टॉवरला मिळतात. आज जी सर्वात कमी बोलली ती शेजारणीच्या फोनवर बसते, पडद्यावर नावही शेजारणीचंच दिसतं. हजेरी मी चेहरा बघून घेते. लिहिण्याचं काम तिचं होतं आणि आज्जीने सांगितलेल्या गावच्या आडाचं नाव फक्त तिने टिपून घेतलं होतं.

मोठ्यांवरही लक्ष ठेवावं लागतं. मागून कुणाचे तरी वडील उत्तर पुरवत होते. मी आवाज सुरू करून म्हटलं, ‘दादा, त्यांना चुकू द्या.’ ते हसून बाजूला झाले. मागच्या गटाचं पान ताईच्या वळणदार अक्षरात आलं होतं, ते परत पाठवलंय. वाकडं चालेल, पण त्यांचंच पाहिजे.

उद्या सातच्या गटाला प्रश्न बदलून देणार आहे. आज्जीला बहात्तर विचारा, बाबांना गेल्या आठवड्यातला पाऊस विचारा, दोन्ही उत्तरं एकाच पानावर शेजारी शेजारी लिहा. हे त्या बनीमवाल्या मुलामुळे सुचलं. सकाळी त्याला फोन करून तसं सांगायचं आहे, वडील शेतात निघायच्या आत.