ग्रानादात गिटार पाहायची तर

स्पेनमधल्या ग्रानादा शहरात प्लाझा नुएवा चौकातून अल्हाम्ब्रा राजवाड्याकडे चढत जाणारा अरुंद रस्ता म्हणजे कुएस्ता दे गोमेरेस. बहुतेक प्रवासी राजवाडा गाठायच्या घाईत तो झपाझप चढून जातात. गिटार वाजवणाऱ्याने मात्र इथल्या गिटार बनवणाऱ्या कार्यशाळांसाठी अख्खी सकाळ राखून ठेवावी.

इथे गिटार पालथी बांधतात. 'सोलेरा' नावाच्या किंचित खोलगट पाटावर स्प्रूस लाकडाची तबली (गिटारीची पुढची पातळ फळी) पालथी ठेवून तिला मान चिकटवतात. मग मानेच्या बुडाशी पाडलेल्या खाचांत बाजूच्या पट्ट्या बसवतात आणि पाठ सर्वांत शेवटी लावतात. पट्ट्या जेमतेम २ मिमी जाडीच्या. ओल्या करून तापलेल्या नळीवर दाबत वाकवायच्या. नळी फार तापली तर लाकूड करपतं, हात घाईला आला तर कमरेच्या वळणावर तडकतं.

मी सर्वांत जास्त वेळ पाहत उभा राहिलो ते 'पेओनेस'चं काम. तबली आणि बाजू यांच्या सांध्यात नखाएवढे लाकडी ठोकळे, एकेक करून, पूर्ण कडेने लावतात. ठोकळ्याला गरम सरस लावायचा, जागेवर टेकवायचा आणि बोटाने दाबून धरायचा. सरस काही क्षणांत थिजतो, त्यामुळे नंतर ठोकळा सरकवला तर सांधा कच्चा राहतो.

आवाज मुख्यतः तबलीचा. अल्मेरियाच्या आंतोनियो दे तोर्रेस या गिटार बनवणाऱ्या कारागिराने १८६२ मध्ये बाजू आणि पाठ कागदाच्या लगद्याची करून हेच दाखवलं. तबलीखाली पंख्यासारख्या ७ पट्ट्या ही रचना त्यानेच रुजवली. तबली जाड राहिली तर आवाज कोंडतो. फार तासली तर खर्ज घुमतो, पण उंच सुरांचा कस जातो आणि काही वर्षांत ब्रिजमागे (तबलीवर तारा जिथे बांधतात त्या पट्टीमागे) फुगवटा येतो. सायप्रेस लाकडाच्या अंगाची, फ्लामेंको या स्पॅनिश संगीतासाठीची गिटार चटकन बोलते, चटकन विरते. आपल्या सह्याद्रीतही वाढणाऱ्या शिसवाच्या गिटारीत सूर रेंगाळतो. बोटांनी सावकाश वाजवणाऱ्याने शिसवच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

निवडताना प्रत्येक तार फ्रेटगणिक (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीगणिक) वाजवून पाहा. एखादा सूर मध्येच मरत असेल तर ती गिटार ठेवून द्या. क्लासिकल गिटारीत बाराव्या फ्रेटवर तारेची उंची पहिल्या तारेला ३, सहाव्या तारेला ४ मिमीच्या आसपास हवी.

घरी आणल्यावर हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राखा. कोकणातल्या पावसात तबली फुगून तारा उचलल्या जातात, एसीच्या कोरड्या खोलीत तीच तडकते. स्टीलच्या तारा मात्र कधीही चढवू नका: नायलॉनचा एकूण ताण साधारण ४० किलो, स्टीलचा ७० च्या आसपास. तेवढ्याने ब्रिज उखडतो.