अर्धी बिअर पबात तयार होते: केंटमधल्या मायक्रोपबच्या नोंदी

या हंगामात माझ्या बिअर चाखण्याच्या वहीचा मधला रकाना बदलला. पूर्वी तिथे फक्त चव असायची: संत्र्याची साल, भाजका पाव, मध, ओलं गवत. आता आधी लिहितो की पिंप कधी फोडलं, आजचा कितवा दिवस, बिअर किती गार आहे, फेस किती वेळ टिकला. चवीचं वर्णन त्यानंतर येतं. रिअल एल, म्हणजे पिंपातच आंबत राहणारी पारंपरिक इंग्रजी बिअर, ब्रुअरीतून निघते तेव्हा पुरी झालेली नसते. उरलेलं काम पबात होतं, आणि ते काम जवळून पाहायला मायक्रोपबसारखी, म्हणजे एका खोलीच्या छोट्या पबसारखी, जागा नाही. यंदाची सगळी प्रगती या एका गोष्टीभोवतीच आहे.

सप्टेंबर

जागा आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट लागेल. मी राहतो तो इंग्लंडचा आग्नेय कोपरा, ईस्ट केंट. मायक्रोपब जन्मला तोच इथे. कँटरबरीहून हर्न बेला जाणारी बस वाटेत हर्न गावातून जाते. तिथे मार्टिन हिलिअर यांनी नोव्हेंबर २००५ मध्ये खाटकाच्या जुन्या दुकानात 'द बुचर्स आर्म्स' सुरू केला. परवान्यांचा २००३ चा कायदा त्याच महिन्यात अमलात आला होता, आणि एवढ्याशा जागेत पब काढणं एकट्या माणसाच्या आवाक्यात आलं होतं. २००९ मध्ये ईस्टबोर्नला कॅम्राच्या वार्षिक सभेत हिलिअर यांनी आपला अनुभव मांडला. त्याच वर्षी पार ईशान्येला, हार्टलपूलच्या रेल्वे स्टेशनात, 'रॅट रेस एल हाउस' उघडला. आज देशभर असे पब शेकड्यांनी आहेत.

नव्यांसाठी: कॅम्रा ही रिअल एल वाचवण्यासाठी १९७१ मध्ये चार मित्रांनी सुरू केलेली ग्राहकांची चळवळ. गाळून, पाश्चराइझ करून, बाहेरून गॅस भरलेली केग बिअर तेव्हा सगळीकडे पसरत होती. आज ज्याला आपण रिअल एल म्हणतो ती टिकली, याचं मोठं श्रेय या लोकांना जातं.

आमच्या गावातला मायक्रोपब पूर्वी फुलांचं दुकान होता. एकच खोली, भिंतीलगत बाकं, संगीत नाही, टीव्ही नाही. समोरासमोर बसावं लागतं, त्यामुळे शेजारच्याशी बोलणं होतंच. खायला पोर्क पाय, चीज, व्हिनेगरमधली अंडी. हा पब कुठल्याही ब्रुअरीला बांधलेला नाही, म्हणून मालक स्वतःला पटेल ती पिंपं आणतो. मागच्या भिंतीत काचेचं दार आहे आणि दारापलीकडे थंड खोली. लाकडी घडवंचीवर पिंपं आडवी मांडलेली दिसतात. बिअर वर खेचणारा हँडपंप नाही, नळ्या नाहीत. मालक ग्लास घेऊन आत जातो, पिंपाची तोटी सोडतो आणि भरून आणतो.

महिनाअखेरीला ग्रीन हॉप बिअर आल्या. केंटच्या बागांत तोडलेले हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीची फुलं, न वाळवता, तोडल्यापासून काही तासांतच उकळीत टाकतात. चव हिरवी, रसाळ, कडूपणा मवाळ. वर्षातून एकदाच मिळते आणि ताजी असतानाच प्यावी. मला ती आवडते, पण आठवड्यापेक्षा जास्त नाही. नेहमीच्या वाळवलेल्या ईस्ट केंट गोल्डिंग्ज जातीच्या हॉप्सची खोली तिला नसते.

ऑक्टोबर

या महिन्यात सगळ्यात जास्त शिकलो. मालकाला विचारलं, "पिंप आल्यापासून पहिला ग्लास भरेपर्यंतचं सगळं मला बघू द्याल का?" त्यांनी पुढच्या सोमवारी दुपारी बोलावलं.

पिंप आलं ते फर्किन, म्हणजे ९ गॅलन, जवळपास ४१ लिटर, ७२ पाइंट. आत यीस्ट जिवंत असतं आणि थोडी साखर उरलेली असते, म्हणून आंबणं चालूच असतं. पिंप आडवं ठेवून दोन्ही बाजूंनी लाकडाच्या पाचरी ठोकल्या, जरासुद्धा हलू नये म्हणून. मग वरच्या बुचात लाकडाची मऊ, सच्छिद्र खुंटी ठोकली. लगेच फुसफुस करत फेस वर आला. आतला जादा कार्बन डाय-ऑक्साइड त्या खुंटीतून निघत राहतो. मालक दर थोड्या वेळाने फेस पुसतात आणि पुन्हा किती वेळात वर येतो ते पाहतात. फेसाचा वेग मंदावला की मऊ खुंटी काढून कठीण खुंटी बसवायची, म्हणजे उरलेला वायू बिअरमध्येच विरघळून राहतो. किती वायू जाऊ द्यायचा आणि कधी थांबवायचं, हे कुठल्या तक्त्यात मिळत नाही. लवकर थांबलं तर बिअर बोचरी लागते आणि गाळ बसत नाही. उशीर झाला तर ती निर्जीव होते, आणि गेलेला जीव परत आणता येत नाही.

समोरच्या बुचावर तोटी ठेवून लाकडी हातोड्याचा एकच जोरदार घाव. त्यानंतर वाट पाहायची. यीस्ट तळाशी बसतं, बिअर स्वच्छ होते. खोलीचं तापमान ११ ते १३ अंश. 'इंग्लंडची कोमट बिअर' म्हणणाऱ्या आपल्या मंडळींनी हा आकडा लक्षात ठेवावा. माठातलं पाणीसुद्धा मे महिन्यात इतकं गार नसतं. याहून थंड केली तर माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, गोडवा आणि हॉप्सचा वास दोन्ही मिटून जातात.

विक्री सुरू असताना वरची खुंटी काढावी लागते, नाहीतर आत निर्वात होऊन धार बंद पडते. म्हणजे प्रत्येक ग्लासागणिक पिंपात हवा शिरते आणि बिअर म्हातारी होऊ लागते. रात्री पुन्हा कठीण खुंटी. एवढं सांभाळूनही साधारण तीन दिवस. आता हिशोब बघा: ७२ पाइंट, तळचा गाळ वजा करा, तीन दिवस. रोज वीसबावीस पाइंट खपले तर पिंप वेळेत संपतं. बाकांच्या एका खोलीला हे सहज जमतं, शिवाय एका वेळी तीनचारच पिंपं लावायची. मोठ्या पबात दहा हँडपंप ओळीने दिसले की डोळे सुखावतात, पण गिऱ्हाईक कमी असेल तर त्यातल्या अर्ध्या बिअर थकलेल्या असतात. मायक्रोपबचा लहानपणा हीच त्याच्या बिअरची खरी ताकद आहे, असं आता मी ठामपणे म्हणेन.

एकाच पिंपाची बिअर सलग संध्याकाळी पिऊन पाहिली. रॅम्सगेटच्या गॅड्झ ब्रुअरीची नंबर ५, ४.४ टक्के. पहिल्या दिवशी घट्ट, हॉप्स पुढे, शेवट जरा टोकदार. दुसऱ्या दिवशी कडा गोल झाल्या आणि बिस्किटासारखा माल्ट वर आला. माझ्या मते हाच तिचा दिवस. तिसऱ्या दिवशी फेस लवकर बसला, पण चव शाबूत. चौथ्या दिवशी मी गेलो तेव्हा घडवंचीवर दुसरं पिंप होतं. राहिलेली बिअर मालकांनी ओतून टाकली होती. अजून कुणी तक्रार केली नव्हती.

गुण देताना कॅम्राची ० ते ५ ची पद्धत वापरतो. ० म्हणजे परत करावी अशी, ३ चांगली, ५ निर्दोष, मध्ये अर्धे गुण चालतात. ही पद्धत आवडीची नाही, बिअर कशा स्थितीत हाती आली याची आहे. मला धुराच्या चवीची पोर्टर, म्हणजे काळपट एल, आवडत नाही, तरी नीट सांभाळलेल्या पोर्टरला ४ दिलेत. वरच्या तीन दिवसांना ३.५, ४.५, ३.

नोव्हेंबर

दोष ओळखण्याचा सराव. सिरक्याचा वास म्हणजे हवा शिरून बॅक्टेरियांनी काम सुरू केलं. ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे ऑक्सिजन. हिरव्या सफरचंदाचा वास आला तर बहुधा बिअर कोवळी असताना बाहेर पडली. लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा वास, म्हणजे डायअसेटिल, सगळ्यांत अवघड, कारण तो ब्रुअरीतूनही येतो आणि पबच्या न धुतलेल्या नळ्यांतूनही. इथे तोटीतून थेट ग्लासात भरत असल्यामुळे नळ्यांचा संशय उरतच नाही. दोष ओळखायला शिकायचं असेल तर अशाच जागी शिका. शंका घ्यायची ठिकाणं जितकी कमी, तितकं नाक लवकर तयार होतं.

याच महिन्यात लंडनहून मित्र आणि वहिनी आल्या होत्या. वहिनी पूर्ण शाकाहारी. त्यांनी सरळ विचारलं, "भाऊजी, ही स्वच्छ दिसते ती कशाने?" प्रश्न अगदी नेमका होता. बहुतेक पारंपरिक एलमध्ये गाळ लवकर बसावा म्हणून आयझिंग्लास घालतात, आणि ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनतं. घोळ माशाच्या ज्या पिशवीला आपल्या किनाऱ्यावर सोन्याचा भाव मिळतो, तोच हा अवयव. आयझिंग्लास यीस्टसह तळाशी जातं, पण शाकाहारी माणसाला हे आधी कळलंच पाहिजे. मालकांकडे त्या दिवशी आयझिंग्लास न घातलेली, किंचित धुरकट दिसणारी एक पेल एल होती. ती वहिनींना दिली. नंतर आम्ही सगळेच सायडरकडे, म्हणजे सफरचंदाच्या आंबवलेल्या रसाकडे, वळलो.

सायडर, नोव्हेंबरपासून पुढे

इथे मी अजून शिकाऊ आहे, पण दिशा सापडली आहे. ब्रिटनमध्ये ३५ टक्के रस असला तरी कायद्याने त्याला सायडर म्हणता येतं. तो रस कॉन्सन्ट्रेटचा, म्हणजे आटवलेल्या रसाचा, असला तरी चालतो; बाकी पाणी आणि साखर. कॅम्रा ज्याला रिअल सायडर म्हणते ते ताज्या दाबलेल्या फळाच्या रसाचं, कॉन्सन्ट्रेटशिवाय. आमच्या पबात फक्त हेच. वर्षाला ७,००० लिटरपर्यंत बनवणाऱ्या लहान उत्पादकाला करातून सूट आहे, म्हणून बागवाले स्वतःच दाबून, आंबवून पबात आणून देऊ शकतात.

केंटचं सायडर खाण्याच्या आणि शिजवण्याच्या सफरचंदांचं, मुख्यतः कॉक्स आणि ब्रॅम्ली. आंबट, स्वच्छ, पांढऱ्या वाइनच्या जवळचं. पश्चिमेकडे, सॉमरसेट आणि हेरफर्डशरला, डॅबिनेट, किंग्स्टन ब्लॅक, यार्लिंग्टन मिल अशी खास सायडरची सफरचंदं असतात. कच्ची खाववत नाहीत इतकं टॅनिन, म्हणजे तुरटपणा. त्या सायडरने जीभ जांभूळ खाल्ल्यासारखी आवळते. दोन्ही ग्लास शेजारी ठेवून प्यायलो आणि एका संध्याकाळीच फरक पक्का बसला. ताकद सहा-सात टक्के सहज असते, तेव्हा पाइंटचा तिसरा हिस्सा मागवा. शिकायला तेवढा पुरतो आणि परतीची बसही चुकत नाही.

सायडर पेटीतल्या पिशवीतून येतं. पिशवी रिकामी होताना आकसत जाते, आत हवा शिरत नाही, त्यामुळे ते आठवडेच्या आठवडे टिकतं. इथे मालकाची कसरत कमी, निवड मात्र जास्त महत्त्वाची.

एक दोष शिकलो तो सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे फार कुणी त्याबद्दल बोलत नाही. इथले लोक त्याला 'माउस' म्हणतात. घोट घेताना काहीच कळत नाही. गिळल्यावर काही सेकंदांनी उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव मागे उरते. सायडर आम्ल असतं, त्या आम्लात हा पदार्थ वास देत नाही. लाळेने आम्लता कमी झाली की मग प्रकटतो. काही माणसांना तो कधीच जाणवत नाही. उपाय सोपा: दोन थेंब तळहातावर चोळा आणि हुंगा. त्वचेवरही तेच घडतं. सायडर पिऊन लगेच मत देऊ नका, थांबा.

पुण्यातल्या मित्रांसाठी दोन शब्द. २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाल्यापासून तुमच्याकडे ताज्या बिअरची सवय लागली आहे, पण ती टाकीतून थंड येते. पिंपातल्या बिअरला पुण्याच्या एप्रिलमध्ये बारा अंशांची खोली लागेल आणि तीन दिवसांत ते संपवणारं गिऱ्हाईक लागेल. दुसरी अट मला जास्त कठीण वाटते. सायडरमध्ये मात्र केंटची पद्धत तुम्हाला जवळची आहे. हिमाचल-काश्मीरची सफरचंदंही खाण्याचीच, टॅनिन कमी असलेली. इथले घरगुती सायडरवाले टॅनिनसाठी रसात काळ्या चहाचा कडक काढा घालतात. त्याची चव कशी लागते ते पाहायचं आहे.

पुढचं

फेब्रुवारीत एकच बिअर दोन ठिकाणी: आमच्याकडे तोटीतून आणि जवळच्या मोठ्या पबात हँडपंपातून, शक्यतो दोन्ही पिंपं दुसऱ्या दिवसाची असताना. हँडपंपात बिअर जोराने वर खेचली जाते, त्यामुळे फेस जास्त आणि विरघळलेला वायू थोडा कमी. चवीत हे कितपत उतरतं ते गुणांसह लिहीन. मालकांनी एक रिकामं फर्किन आणि खुंट्या सरावाला द्यायचं कबूल केलं आहे. आधी पाण्याने भरून तोटी ठोकायची, एकाच घावात, थेंब न सांडता.